पर्वणीच्या दिवशी पूर आला तर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आपत्ती व्यवस्थापन कक्षात बदली झाली आणि आल्या आल्या नाशिक शहराचा आपत्ती आराखडा अद्ययावत करायचं काम अंगावर पडलं, तेव्हा कुठून सुरुवात करू, असं विचारलंयस. शेवटून कर. प्रत्येक आराखड्याच्या शेवटी परिशिष्टं असतात आणि त्यात दूरध्वनी क्रमांकांची यादी असते. एक दुपार काढ आणि यादीतला एकेक क्रमांक स्वतः फिरव. कुणी बदलून गेलेला निघेल, कुणी निवृत्त, काही ठिकाणी नुसती रिंग वाजत राहील. त्यांच्या जागी नव्या माणसांची नावं लिहू नकोस, तीही वर्षभरात बदलतील. पद लिही, त्या पदाच्या टेबलावरचा क्रमांक लिही आणि तो रात्री दोन वाजता कोण उचलणार ते लिही. एवढं झालं तरी आधीच्या आवृत्तीपेक्षा तुझा आराखडा बरा ठरेल.

मुखपृष्ठानंतरची पहिली पन्नास पानं सगळ्या शहरांची सारखीच असतात: भौगोलिक स्थान, लोकसंख्या, पर्जन्यमान, आपत्तीची व्याख्या. ती कुणी वाचत नाही, तूही त्यांच्यावर जीव टाकू नकोस. आराखडा म्हणजे आधीच घेऊन ठेवलेले निर्णय, असं मी मानतो. पाणी चढत असताना बैठक बोलवायला वेळ नसतो. अमुक पातळी झाली की तमुक माणसानं कुणालाही न विचारता हे करायचं, असं वाक्य आराखड्यात जितक्या वेळा सापडेल तितका तो कामाचा. 'संबंधित विभागांनी समन्वयाने आवश्यक ती कार्यवाही करावी' हे वाक्य दिसलं की लाल शाई काढ.

आता गोदावरी. आपल्याकडं पूर मोजायची जुनी पद्धत तुला ठाऊक आहे. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. शिकलेले लोक याला हसतात, मी हसत नाही. भांडीबाजारातला दुकानदार मारुतीकडं बघून माल माळ्यावर चढवतो, कारण त्याच्या दुकानाच्या उंबऱ्याचा आणि मारुतीच्या छातीचा संबंध त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आपण मात्र त्याला 'गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग' असा संदेश पाठवतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे त्याला सांगून काय उपयोग? पाणी त्याच्या पायरीला लागणार की नाही, एवढंच त्याला हवं असतं.

म्हणून एक तक्ता बनव. होळकर पुलाखालून जाणाऱ्या पाण्याचा आकडा एका बाजूला, आणि त्या आकड्याला शहरात कुठं पाणी येतं ते दुसऱ्या बाजूला. गोदाघाटावरच्या टपऱ्या कधी हलवायच्या, गाडगे महाराज पुलाखालची माणसं कधी उठवायची, भांडीबाजार कधी, कापड बाजार कधी, सराफ बाजार कधी. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांच्या नोंदी पाटबंधारे खात्याकडं आहेत. कुठल्या दुकानात किती पाणी होतं ते दुकानदारांच्या भिंतींवर आहे, काहींनी रेघा मारून ठेवल्यात. दोन्ही जुळव. हे काम सल्लागार कंपनीला देऊ नकोस. कनिष्ठ अभियंत्याला टेप घेऊन पाठव, आणि जमलं तर स्वतः जा.

मात्र आकडा होळकर पुलाचाच घ्यायचा, धरणाच्या विसर्गाचा नाही. यात बरेच जण फसतात. गंगापूर धरणाचे दरवाजे सगळे बंद असले तरी नाशकात पूर येऊ शकतो. धरणाच्या खाली, शहरात आणि शहराच्या कडेला जो पाऊस पडतो त्याला अडवायला कुठलंच धरण नाही. गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी आणि वाघाडी आपापलं पाणी आणतात. सराफ बाजाराखालून सरस्वती नाला वाहतो, तो वरून झाकलेला असल्यामुळं लोक विसरलेत. नदी चढली की या नाल्याचं तोंड दाबलं जातं, आतलं पाणी बाहेर पडत नाही आणि ते बाजारातच वर येतं. अशा वेळी धरणावरच्या साहेबाला फोन करून 'विसर्ग थांबवा' म्हणणारे मी पाहिलेत. तो काय थांबवणार?

धरणाच्या लोकांशी भांडण मात्र करू नकोस. त्यांची अडचण खरी आहे. जुलैत धरण रिकामं ठेवावं म्हणजे पुराचं पाणी पोटात घेता येईल, आणि पावसाळा संपताना ते भरलेलं असावं म्हणजे शहराला वर्षभर प्यायला पुरेल. त्याच नदीवर खाली असलेल्या जायकवाडी धरणाला द्यायच्या पाण्याचा हिशेब वेगळाच. कुठल्या तारखेला धरणात किती पाणी असावं याचं त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. ते मागून घे, भिंतीवर लाव. पाऊस कसाही असो, १ जूननंतर रोज एकदा त्यांच्या शाखा अभियंत्याशी बोल. ओळख कोरड्या दिवसांत करायची असते. मग विसर्ग वाढवायच्या आधीच त्याचा फोन तुला येईल आणि दुपारी जाहीर व्हायची गोष्ट तुला सकाळी कळेल. भोंगा, घंटागाडीवरचा ध्वनिक्षेपक, व्यापारी संघटनेचे व्हॉट्सॲप ग्रुप, हे सगळं त्या मिळालेल्या वेळावरच चालतं.

पूररेषेबद्दल थोडक्यात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येण्याजोगा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतला. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे निर्बंध. २००८ च्या पुरानंतर या रेषांवरून शहरात किती वाद झाले ते तू लहान असताना ऐकलं असशील. तुझ्या कक्षाला बांधकाम परवानगीत मत विचारत नाहीत. तरी नगररचना विभागाचा नकाशा घेऊन निळ्या रेषेच्या आत आज कोण राहतं याची घरनिहाय यादी कर. रेषा कुठून जावी हा वाद न्यायालयात चालू दे. रात्री कुणाला उठवायचं ते तुला माहीत हवं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आपला सिंहस्थ, म्हणजे नाशिकचा कुंभमेळा, नेहमी ऐन पावसाळ्यात येतो. प्रयागचा मेळा माघातला, आपला श्रावण-भाद्रपदातला. येत्या सिंहस्थाची पहिली पर्वणी, म्हणजे मुख्य स्नानाचा दिवस, २ ऑगस्ट २०२७ ला आहे. आता २०१६ चा पूर आठव: २ ऑगस्ट. २०१९ चा: ४ ऑगस्ट. गर्दीचा आराखडा पोलीस करतात, पुराचा आपण, धरणाचा पाटबंधारे, शिवाय कुंभमेळ्यासाठी आता वेगळं प्राधिकरण आहे. चौघांचेही आराखडे चांगले असतील, पण चारही एकाच दिवशी लागू झाले तर काय, याचं पान कुणाकडं आहे ते शोध. सापडलं नाही तर तू लिही.

आधीचे दोन सिंहस्थ नीट अभ्यास. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडं, म्हणजे स्नानाच्या मुख्य जागेकडं, उतरणाऱ्या अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. येणारे आणि जाणारे एकमेकांसमोर आले, जागा उताराची आणि मागचा रेटा थांबेना, की माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. २०१५ ला त्यातून शिकून येण्याजाण्याचे रस्ते वेगळे केले, शहराबाहेर वाहनतळ ठेवले आणि दसक, टाकळी, नांदूर अशा खालच्या बाजूला नवे घाट बांधून गर्दी पसरवली. चेंगराचेंगरी झाली नाही. पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की रस्ते ओस पडले आणि व्यापारी ओरडले, मग पुढच्या पर्वणीला ढील दिली गेली. माझ्या मते हे चांगलंच झालं. आधी आवळून मग सैल करता येतं, उलटं करता येत नाही.

पण एक लक्षात ठेव. २०१५ हे दुष्काळाचं वर्ष होतं. स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं की नाही, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणजे २०१५ ची व्यवस्था भरल्या गोदावरीवर तपासलीच गेलेली नाही. गर्दी पसरवायला बांधलेले ते सगळे घाट नदीकाठीच आहेत. नदी चढली तर ते एकाच वेळी बंद होतील आणि तिथली माणसं शहराकडं वळतील, ज्या रस्त्यांवरून दुसरी माणसं अजून घाटाकडं येत असतील. नेमका २००३ चा प्रसंग, फक्त कितीतरी मोठा.

तर पोलीस आयुक्तालयाला विचार: कुठल्या पातळीला स्नान थांबवायचं? आकडा मागून घे, 'परिस्थिती पाहून' हे उत्तर घेऊ नकोस. तो आकडा कोण जाहीर करणार? आखाड्यांशी आधी कोण बोलणार? पर्वणीच्या दिवशी महंतांना थांबा म्हणणं सोपं नाही, ते चार महिने आधी, चहा पिता पिता बोलून ठेवावं लागतं. वाहनतळावरून सुटलेल्या एसटी गाड्या वाटेत कुठं थोपवायच्या? मोबाईल बंद पडले तर वायरलेस कुणाकडं? आणि पर्वणीच्या आधी धरणात किती जागा मोकळी ठेवायची, हे पाटबंधाऱ्यांकडून लेखी घे. मे महिन्यातच घे. जुलैत कुणी सही करत नाही.

कायद्याचं बळ आता तुझ्या बाजूला थोडं जास्त आहे. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा जिल्ह्याभोवती रचलेला होता: जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि महापालिका अनेक यंत्रणांपैकी एक. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद केली, आयुक्त अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. कागदावर हे छान आहे. पण आयुक्तांकडं धरणही नाही आणि पोलीसही नाहीत, तेव्हा फोन करणं तुला सुटलेलं नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याकडून येते, राज्याची धुळ्याहून. दोन्ही यायला तास लागतात. तोवर जे आहे ते शिंगाडा तलावाचं अग्निशमन केंद्र आणि गोदाघाटावरची पोहणारी पोरं. त्या पोरांची नावं यादीत घाल, त्यांना लाइफ जॅकेट आणि विमा मिळवून दे. दरवर्षी टाळ्या त्यांना मिळतात, विम्याची फाइल मात्र कुठंतरी पडून असते.

गोदाकाठच्या काझीगढीबद्दल तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं ती ही मातीची गढी. हा कातळ नाही, शतकानुशतकांच्या वस्तीचे थर साचून झालेलं टेकाड आहे, पाणी मुरलं की सुटतं. दरवर्षी पावसाळ्याआधी आपण तिथल्या रहिवाशांना नोटिसा देतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांनाही देतो. नोटीस दिली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं कार्यालयात सगळे मानतात. भाडेकरू वाडा सोडत नाही कारण एकदा बाहेर पडला की मालक परत घेणार नाही. गढीवरचा माणूस सोडत नाही कारण पालिकेच्या शाळेत चार रात्री झोपल्यावर पाचव्या रात्री कुठं जायचं, याचं उत्तर कुणी देत नाही. या दोघांना लेखी हमी कोण देऊ शकेल ते विधी विभागाला विचार. उत्तर येईपर्यंत रोज विचार.

आणि धोक्यांची यादी करताना आपल्याच इमारती विसरू नकोस. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, दाब कमी झाला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावले. पूर, भूकंप, वीज, आग अशा ठरलेल्या रकान्यांत ही घटना बसत नाही. प्रत्येक रुग्णालयात, जलशुद्धीकरण केंद्रात, जिथं क्लोरीन आहे तिथं जाऊन एकच प्रश्न विचार: मुख्य व्हॉल्व्ह कुठं आहे आणि रात्रपाळीच्या माणसाला तो बंद करता येतो का? ठेकेदाराचा माणूस येईल, असं उत्तर मिळालं तर तेवढ्यावर निघू नकोस, रात्रपाळीच्याच माणसाला व्हॉल्व्ह दाखवायला सांग.

रंगीत तालीम घेशील तेव्हा आगाऊ पत्र पाठवू नकोस. निदान एकदा तरी न सांगता घे, पावसात, रविवारी. लोक चिडतील. कुणाचा फोन लागला, कोण किती वेळात आलं, बोटीच्या इंजिनात इंधन होतं का, जनरेटर सुरू झाला का, हे वेळेसकट वहीत उतरव. वही हातानं लिहिलेली असू दे, चौकशीत तीच उपयोगी पडते.

तक्त्याचा पहिला मसुदा झाला की पाठव. सराफ बाजारातल्या माझ्या ओळखीच्या दोघा-तिघांना दाखवून त्यांच्या पायऱ्यांशी जुळतो का ते बघतो. आणि शाखा अभियंत्याचं वेळापत्रक याच आठवड्यात मागव, साहेब पुढच्या महिन्यात रजेवर जाणार आहेत असं ऐकलंय.

तुझा,
काका