लिनक्सवर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर कायम लेटेस्ट ठेवावा का? कसा?

तुम्ही विचारलंय की उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) एनव्हिडिया कंपनीच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, जुना दिसतोय, कंपनीच्या साइटवर त्याहून मोठ्या नंबरचा आहे, मग तो उतरवून टाकावा की चालतंय ते चालू द्यावं.

साइटवरून उतरवू नका. आणि 'चालतंय ते चालू दे' म्हणणाऱ्याचंही ऐकू नका. ड्रायव्हर अपडेट करा, पण उबुंटूच्याच पॅकेजमधून (उबुंटू स्वतः देतं त्यातून) आणि हातात काम नसेल त्या दिवशी. एवढंच लिहून थांबता आलं असतं. पण हा वाद आमच्या घरात २०२२ पासून चालू आहे आणि त्याचा दोष माझ्या नावावर बसलाय, म्हणून सगळं सांगते.

आमचा सांगलीत लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा व्यवसाय आहे. मिस्टर शूटिंग करतात, एडिटिंग माझ्याकडे. स्टुडिओ आधी मारुती रोडला होता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात दुकानात पाणी शिरलं आणि एडिटिंगचं मशीन गाळात गेलं. मग विश्रामबागेत घराच्याच खालच्या खोलीत नवं मशीन जुळवलं. कार्ड सेकंडहँड, जीटीएक्स १०६०, ६ जीबीचं. जुन्या मशीनवर चोरीचं विंडोज होतं आणि एकदा व्हायरसने दोन लग्नांच्या फाइली लॉक करून टाकल्या होत्या, त्यामुळे ते मला परत नकोच होतं. वरच्या खोलीत इंजिनिअरिंगचा एक मुलगा भाड्याने राहायचा. लॉकडाउनमध्ये त्याने उबुंटू २०.०४ टाकून दिलं, त्यावर दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ हा कॅमेऱ्यातल्या व्हिडिओचा प्रकार वाचत नाही, म्हणून त्या फाइली आधी एफएफएमपेग या प्रोग्रामने डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या प्रकारात बदलून घ्याव्या लागतात. हार्डडिस्क भराभर भरते, पण एडिटिंग लोण्यासारखं होतं. हे सगळं मी हळूहळू शिकले, त्याचा मला अभिमान आहे.

माझे दीर कॉम्प्युटर रिपेअरिंग करतात. पंधरा वर्षं दुकान आहे, हात चांगला आहे, पण सगळा अनुभव विंडोजचा. २०२२ च्या फेब्रुवारीत ते एकदा आले, ड्रायव्हरचा नंबर बघितला आणि म्हणाले, "वहिनी, हा किती जुना चालवताय? साइटवर केवढा पुढचा आलाय." मी भाकरी करायला वर गेले होते. खाली आले तोपर्यंत त्यांनी पॅकेजमधला ड्रायव्हर काढून साइटवरची डॉट-रन फाइल, म्हणजे कंपनीचा स्वतंत्र इन्स्टॉलर, चालवून टाकली होती. मशीन सुरू झालं, रिझॉल्व्ह उघडलं, सगळे खूश. वेग वाढला म्हणाले. मी त्याच रात्री एक जुनं प्रोजेक्ट परत एक्सपोर्ट करून पाहिलं. आधी १८ मिनिटं लागायची, आताही १८ च लागली. बोलले मात्र काही नाही.

मग मे महिना आला. दर दोन दिवसांनी लग्न. मिरज रोडवरच्या एका कार्यालयात रविवारी संध्याकाळी रिसेप्शन होतं आणि तिथे मोठ्या एलईडी स्क्रीनवर हळदीचं आणि लग्नाचं हायलाइट लावायचं ठरलं होतं. गुरुवारी सॉफ्टवेअर अपडेटरची खिडकी वर आली, मी इन्स्टॉल दाबलं. रीस्टार्ट करा म्हणालं, पण टाइमलाइन उघडी होती म्हणून नंतर करू म्हटलं. शनिवारी साडेसातला वळीव आला. लाइट गेली, यूपीएस दहा मिनिटं ओरडला आणि बसला. नऊला लाइट आल्यावर मशीन चालू केलं तर काळा पडदा. डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. दोनदा बंद-चालू केलं, तेच.

दिरांना फोन केला. ते आले, बसायच्या आधीच विचारलं, "काय दाबलंत?" मी म्हटलं, गुरुवारी अपडेट केलं होतं. "झालं मग. चालत्या गाडीचं बॉनेट कशाला उघडायचं? सांगत होतो ना, हे लिनक्स धंद्याचं नव्हे." सासूबाई दारात उभ्या, मिस्टर शूटिंगला गेलेले. दीर म्हणाले, पेनड्राइव्ह घेऊन येतो, विंडोज टाकू, तासाभरात मशीन उभं करून देतो. प्रोजेक्ट त्याच डिस्कवर होतं. तासाभरात मशीन उभं राहिलं असतं आणि हायलाइट गेलं असतं. मी नाही म्हटलं. ते चिडून निघून गेले.

वरचा मुलगा सुट्टीला गावी गेला होता. त्याला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "काकू, नवीन कर्नल आला होता का?" मला काय माहीत! (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा.) तो म्हणाला, मशीन चालू करताना कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदा दाबा. मी घाबरून सारखं दाबत राहिले तर ग्रबचा, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, नुसता प्रॉम्प्ट आला. परत बंद-चालू केलं आणि एकदाच दाबलं. मेनू आला. त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि आत वरून तिसरी ओळ, आधीचा कर्नल. एंटर मारला आणि अर्ध्या मिनिटात माझा डेस्कटॉप समोर! टाइमलाइन जशीच्या तशी होती. पहाटे चारला रेंडर संपला. रविवारी स्क्रीनवर हायलाइट लागलं तेव्हा मी मागच्या खुर्चीत झोपेने डुलत होते.

सोमवारी मी आणि तो मुलगा फोनवर बसलो आणि कारण शोधलं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर म्हणजे एक कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडलेला तुकडा) आणि त्याच्या जोडीच्या लायब्ररी. मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं त्यालाच बसतं, अंगावर मापाने शिवलेल्या ब्लाउजसारखं. पॅकेजमधला ड्रायव्हर असेल तर नव्या कर्नलसाठीचं मॉड्यूल एकतर उबुंटूकडून तयार, सही केलेलं येतं, नाहीतर डीकेएमएस नावाचं साधन ते मशीनवर आपोआप बांधतं. डॉट-रन फाइल मात्र त्या क्षणी चालू असलेल्या कर्नलपुरतंच मॉड्यूल बांधते. डीकेएमएसमध्ये नोंद करू का असं तो इन्स्टॉलर विचारतो, आणि तिथे नाही म्हटलं की पुढच्या कर्नलला मॉड्यूलच नाही. शिवाय तोच इन्स्टॉलर जाताना फुकटच्या न्यूवो ड्रायव्हरवर बंदी घालून जातो. म्हणजे नवा कर्नल आला, एनव्हिडियाचं मॉड्यूल नाही, न्यूवोला मनाई. मग काळा पडदा नाही तर काय येणार?

आमच्या मशीनवर डीकेएमएस स्टेटस विचारलं तर यादी रिकामी. एनव्हिडिया-अनइन्स्टॉल नावाची कमांड मात्र हजर, ती डॉट-रन फाइलच ठेवून जाते. आणि डाउनलोड्समध्ये ती फाइल, फेब्रुवारीच्या तारखेसह. गुरुवारी मी काहीही मोडलेलं नव्हतं. फेब्रुवारीत मोडून ठेवलेलं मे महिन्यात बाहेर आलं. मी अपडेट दाबलं नसतं, तरी कधी ना कधी नवा कर्नल आलाच असता.

दिरांना हे दाखवलं. ते म्हणाले, "पण अपडेट केलं नसतं तर चाललं असतं ना?" अजून तेच म्हणतात. घरात कुणाचंही काही बंद पडलं, अगदी सासूबाईंचा टीव्ही, तरी "वहिनींनी अपडेट मारलं असेल" हे वाक्य येतंच.

म्हणून माझं ठाम मत आहे. अपडेट न करणं हा सावधपणा नव्हे. ड्रायव्हरमध्येही सुरक्षेच्या चुका सापडतात, एनव्हिडिया स्वतः त्यांची पत्रकं काढते आणि दुरुस्त आवृत्त्या देते. कर्नल पुढे जाणार, ड्रायव्हर मागे ठेवला तर दोघांचं केव्हातरी बिनसणार. वर्षभर काही करायचं नाही आणि मग एकदम तीन पायऱ्या उडी मारायची, यातच मशीनं पडतात.

कसं करायचं ते सोपं आहे. ती डॉट-रन फाइल आधीच टाकली असेल तर पहिल्यांदा तिच्याच अनइन्स्टॉल कमांडने ती काढा. मग अॅडिशनल ड्रायव्हर्सची खिडकी उघडा, लिनक्स मिंट असेल तर ड्रायव्हर मॅनेजर, आणि जिथे रेकमेंडेड किंवा टेस्टेड लिहिलंय ते निवडा. टर्मिनलवर उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल केलं तरी तेच होतं. पुढे रोजच्या अपडेटबरोबर तो आपोआप येत राहतो. सर्व्हर लिहिलेला घेऊ नका. 'ओपन' लिहिलेला कार्ड बघून घ्या. एनव्हिडियाने २०२२ च्या मे महिन्यात, म्हणजे माझ्या त्याच मे महिन्यात, कर्नल मॉड्यूल खुले केले, पण ते ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांनाच चालतात, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून. माझ्या १०६० ला ते चालत नाहीत. उलट आरटीएक्स ५० मालिकेला फक्त ओपनच चालतात.

'लेटेस्ट' या शब्दाचा नाद सोडा. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या जुन्या पिढ्यांच्या कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा (नंबरांची मालिका), असं एनव्हिडियाने जाहीर केलंय. म्हणजे माझ्यासारखं १० मालिकेचं कार्ड असेल तर ५९० चा नंबर दिसला तरी तो आपला नाही. त्याहून जुनी केपलर कार्डं ४७० ला थांबली, फर्मी ३९० ला. मोठा नंबर म्हणजे चांगला ड्रायव्हर नव्हे, तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर तो चांगला. दिरांनी फेब्रुवारीत नेमका नंबरच बघितला होता.

वेळेचं सांगते. मी छोटी अपडेट्स डिलिव्हरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी करते आणि लगेच रीस्टार्ट करते. रीस्टार्ट टाळला तर नवी लायब्ररी आणि मेमरीतलं जुनं मॉड्यूल यांचं जमत नाही. एनव्हिडिया-एसएमआय (कार्ड आणि ड्रायव्हरची स्थिती दाखवणारी कमांड) चालवलं की व्हर्जन मिसमॅच म्हणून नकार मिळतो आणि चालू काम मधेच अडकतं. रीस्टार्टनंतर एसएमआय बघायचं, दोन मिनिटांचा एक रेंडर काढायचा, मग उठायचं. शाखा बदलणं, उबुंटूची आवृत्ती बदलणं असली मोठी कामं चातुर्मासात. मुहूर्त जवळपास नसतात, बिघडलं तर निस्तरायला आठवडा असतो. आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घेते, म्हणजे सिस्टिम मागच्या स्थितीत नेता येते. आधीचा कर्नल हाताने काढत नाही, उबुंटू तो स्वतःहून ठेवतं आणि त्या रात्री मला त्यानेच वाचवलं.

काही गोष्टी राहिल्या. एएमडी किंवा इंटेलचं कार्ड असेल तर यातलं बहुतेक तुम्हाला लागूच नाही. तो ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसा या ग्राफिक्स लायब्ररीमध्ये असतो, सिस्टिम अपडेट केली की झालं. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल आणि मॉड्यूल मशीनवरच बांधलं जात असेल, तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतात आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत कंटिन्यू बूट दाबलं तर मॉड्यूल लोड होत नाही. अगदी नवी गेम किंवा महिन्यापूर्वी आलेलं कार्ड असेल तर पॅकेजमधला ड्रायव्हर खरंच कमी पडू शकतो. तेव्हा ग्राफिक्स-ड्रायव्हर्सचा पीपीए (उबुंटूला जोडायचं जास्तीचं पॅकेज-भांडार) घ्या, पण डॉट-रन तेव्हाही नको. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर त्याची भानगड वेगळी आहे, मी लॅपटॉपवर काम केलेलं नाही.

तुम्ही कार्डाचा नंबर लिहिलेला नाही. तो लिहा, म्हणजे कोणती शाखा लागेल ते सांगते.

आणि भावजी, तुम्ही हे वाचत असाल तर, डाउनलोड्समधली ती फाइल मी अजून काढलेली नाही. रविवारी जेवायला याल तेव्हा तिची तारीख एकदा बघा.