तैलरंगात समुद्राच्या लाटा खऱ्या वाटाव्यात म्हणून काय करावं?

निळा, पांढरा सगळं नीट लावूनही लाट निळ्या टेकडीसारखी दिसते, असं तुम्ही लिहिलंय. माझीही बरीच वर्षं तशीच गेली. गुहागरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी ब्रश न घेता नुसतं बघत बसायला लागलो, तेव्हा कळलं की मी सगळ्या पाण्याला एकच रंग देत होतो.

लांबच्या सपाट पाण्याकडे आपण फार तिरपे बघतो, म्हणून तिथे आभाळच दिसतं. लाट उभी राहिली की तिची भिंत आपल्या समोर येते, आभाळाचं प्रतिबिंब कमी होतं आणि नजर पाण्याच्या आत शिरते. त्यामुळे भिंत बहुतेक वेळा मागच्या पाण्यापेक्षा गडद आणि हिरवट असते. माथ्याशी पाणी पातळ होतं, आणि मागून ऊन असेल तर उजेड तिथून आरपार येतो आणि उजळ हिरवा पट्टा दिसतो. लाटेचा जीव त्या हिरव्या पट्ट्यात असतो. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळी सूर्य लाटेच्या मागेच असतो. सकाळी मात्र तो आपल्या पाठीशी येतो आणि पट्टा दिसेनासा होतो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातही तो शोधू नका, थंडीत जा.

समुद्रचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला रशियन चित्रकार आयवाझोव्स्की याचं १८५०चं ‘नववी लाट’ हे चित्र मोठं करून बघा. सूर्य समोर, खाली, आणि लाटांचे माथे आतून पेटल्यासारखे. लाट थांबत नाही, म्हणून हा माणूस स्टुडिओत आठवणीतून रंगवायचा. फोटोवरून नक्कल करण्यापेक्षा मला हे जास्त पटतं, कारण आठवणीत लाटेचा जोर राहतो.

आता रंग. भिंतीसाठी व्हिरिडियन (निळसर हिरवा), थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि हिरव्याचा भडकपणा कमी करायला चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). पट्ट्यात पांढरा घातला की तो खडूसारखा होतो, हीच सगळ्यांची चूक. तिथे आधी फिकट लेमन यलोचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग त्यावर जवसाच्या तेलात पातळ केलेला व्हिरिडियन फिरवा. खालचा पिवळा वरच्या हिरव्यातून उजळतो. खालचे थर टर्पेंटाइननं पातळ केलेले, वरचे जास्त तेलाचे. उलट केलंत तर पुढे तडे जातात.

फेस पांढरा नसतो. मागून ऊन असताना आपल्याकडची बाजू सावलीत असते, म्हणून तो राखाडी-जांभळट रंगवा आणि शुद्ध टायटॅनियम व्हाइट फक्त कडेला, पॅलेट नाईफनं (रंग लावायच्या बोथट सुरीनं), शेवटी. भिंतीवरची फेसाची जाळी वर खेचली जाते, तिची भोकं उभी ताणलेली दिसतात. लांबच्या सपाट पाण्यावर तीच भोकं आडवी, चपटी होतात. जाळी भिंतीच्या वळणानं गेली नाही तर रंग कितीही बरोबर असोत, पाणी कागदाच्या पट्टीसारखं दिसतं. तुषारांच्या कडा मात्र कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच पुसट करा.

सध्याचं चित्र टाकून देऊ नका. रंग अजून ओला असेल तर माथ्याजवळचा पांढरा नाईफनं खरवडून काढा, तिथे तो फिकट पिवळा लावा आणि हिरवा फिरवण्याआधी आठवडाभर तरी थांबा.