नाताळच्या मेळ्यात एफ ट्यूबा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. यंदाच्या ट्यूबाख्रिसमससाठी, म्हणजे ट्यूबा (पितळेचे, खर्ज आवाजाचे मोठे फुंकवाद्य) आणि त्याच्या जातीची वाद्ये वाजवणाऱ्यांच्या नाताळच्या मेळ्यासाठी, मोठा, अधिक खालच्या पट्टीतला बी-फ्लॅट ट्यूबा भाड्याने आणावा की आपला एफ ट्यूबाच न्यावा, असे तू विचारले आहेस. एफच ने. तो लहान म्हणून संकोचू नकोस. १८३५ साली बर्लिनमध्ये लष्करी बँडप्रमुख वीप्रेख्ट आणि वाद्यकार मोरिट्झ यांनी पेटंट घेतलेला पहिला बास ट्यूबा याच एफ पट्टीतला होता, त्याहून मोठे ट्यूबे नंतर आले.

मात्र त्याच्याकडून मोठ्या ट्यूबाचे काम करून घेऊ नकोस. त्याची नळी सुमारे १२ फुटांची, तर बी-फ्लॅटची १८ फुटांची. मेळ्यातल्या गाण्यांच्या स्वरलिपीत युफोनियमच्या (ट्यूबाच्या लहान, उंच सुरांच्या भावाच्या) दोन आणि ट्यूबाच्या दोन अशा चार ओळी असतात, त्यांपैकी तू ट्यूबाची पहिली घे. खर्ज सांभाळायला आजूबाजूला पुष्कळ जण असतील, पण नुसत्या खर्जातून श्रोत्यांपर्यंत गुरगुर तेवढी पोहोचते. तिला ठळक काठ देणे हे तुझे काम. प्रत्येक सुराची सुरुवात स्वच्छ असू दे आणि सूर पूर्ण मात्रा संपेपर्यंत धर.

शेवटच्या कडव्यात सगळेच खालच्या सप्तकात उतरू लागतात, तेव्हा तुलाही मोह होईल. चौथ्या व्हॉल्व्हने (हवेची वाट लांबवणाऱ्या कळीने) वाजणारा खालचा सी हा या वाद्याचा बदनाम सूर आहे. मी पहिल्या वर्षी ईर्ष्येने त्याच्यावर सगळा दमसास ओतला आणि तो असा फाटला, की शेजारच्या आजोबांनी वाजवता वाजवता माझ्याकडे वळून पाहिले. तो वाजवायचाच असेल, तर जबडा सैल सोड, तोंडात ‘ओ’ म्हणताना होते तशी पोकळी ठेव आणि फुंक रुंद व संथ जाऊ दे; साधत नसेल, तर निमूटपणे वरच्या सप्तकात राहा.

ट्यूबावादक हार्वी फिलिप्स यांनी आपले गुरू विल्यम बेल यांच्या स्मरणार्थ (बेल यांचा जन्म १९०२ च्या नाताळातला) २२ डिसेंबर १९७४ रोजी पहिला मेळा भरवला, तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या स्केटिंगच्या बर्फावरच, तेव्हा थंडी या प्रकाराच्या पाचवीलाच पुजलेली आहे. थंड हवेत ध्वनीचा वेग घटतो आणि सूर उतरतो, म्हणून निवेदन चालू असताना नळीत आवाज न करता उबदार श्वास सोडत राहा आणि माउथपीस खिशात ठेव. व्हॉल्व्हचे तेल पातळ घे, आणि पाणी वरचेवर काढ. ते नळीत गोठले की व्हॉल्व्ह जागचा हलत नाही.

ताल कानाने धरू नकोस. तेहतीस-चौतीस मीटरवरचा आवाज तुझ्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. मागच्या रांगेतून त्याच्यामागे गेलास, तर श्रोत्यांना तुझा सूर आणखी मागे पडलेला ऐकू येईल. नजर संचालकाच्या हातावर असू दे.

सजावट हवी तेवढी कर, पण व्हॉल्व्हजवळ जरीची झिरमिळी नको, आणि खुळखुळणारे तर काहीच नको. मी एकदा हौसेने कर्ण्याच्या काठाला पुण्याहून आणलेले घुंगरू बांधले होते. प्रत्येक लांब सुरावर ते असे थरथरले, की दुसरे गाणे संपताच संचालकांनी हात वर करून कात्री मागवली.

कळावे,
तुझा मास्तर