मुलाला परदेशात कंपोझर व्हायचंय, पोट भरेल का?

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. लहानपणापासून हार्मोनियम शिकलाय, आता दिवसभर कीबोर्डवर काहीतरी नवीन बनवत असतो, म्हणतो वेस्टर्न क्लासिकलचा कंपोझर होणार, युरोपात जाणार. त्याच्या बाबांना अजिबात पटत नाहीये. यात पोट भरतं का? सुरुवात कुठून करायची?
– एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, पोट भरतं, पण नुसत्या कंपोझिंगवर फार थोड्यांचं. कंपोझर नरेश सोहल बघा, पंजाबातले, 1962 ला लंडनला गेले आणि तिथे बूझी अँड हॉक्स या म्युझिक पब्लिशरकडे कॉपीइस्टची नोकरी केली, म्हणजे दुसऱ्यांच्या रचना स्वच्छ उतरवून काढायच्या. त्यांचं 'अष्ट प्रहर' लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने वाजवलं ते थेट 1970 ला! पुढे 1982 ला बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या मोठ्या संगीत महोत्सवात रचना वाजली, 1987 ला पद्मश्री. मला त्या नोकरीचंच जास्त मोल वाटतं, कारण पानंच्या पानं उतरवताना कुठल्या वाद्याला कुठे थांबवायचं हे आपोआप कळायला लागतं.

आजही कमाई तुकड्यातुकड्यानेच येते, एखादा ऑर्केस्ट्रा किंवा कॉयर (गायकवृंद) पैसे देऊन नवीन रचना लिहून घेतो त्याला कमिशन म्हणतात, ते मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही शिकवण्या, अरेंजमेंट (असलेली रचना दुसऱ्या वाद्यांसाठी बसवून देणं), थोडी रॉयल्टी असं चालू ठेवावं लागतं.

मुलाला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत, येतं का? नसेल तर आजपासून तेच, कारण तिथे अनोळखी वादकांनी नुसतं पान बघून वाजवायचं असतं. ते कॉम्प्युटरवर लिहायला म्युझस्कोर सॉफ्टवेअर फुकट आहे. लिहिण्याचा कंटाळा आला तर त्याला सांगा, शेवटच्या काळात आपल्या पंचवटीत राहिलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनीसुद्धा स्वतःची स्वरलिपी बनवली होती. आणि हार्मोनियम, राग सोडायला लावू नका प्लीज, लॉस एंजेलिसच्या कंपोझर रीना एस्माइल अमेरिकेतल्या ज्युलियार्ड, येलला शिकूनही हिंदुस्तानी संगीतासाठी मुद्दाम भारतात येऊन राहिल्या, त्यांच्या कामाची ओळखच ती आहे. शिवाय मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा एखादा कार्यक्रम तिघांनी मिळून ऐका, बाबांना तर न्याच.

खर्चाचं म्हणाल तर जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठात बऱ्याच राज्यांत ट्यूशन फी नसते, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मात्र बाहेरच्या देशातल्या मुलांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात, राहण्याखाण्याचं वेगळं. प्रवेशाला स्वतःच्या रचनांचे स्कोअर, म्हणजे नोटेशनमध्ये लिहिलेली पानं, लागतात, बहुतेक ठिकाणी पियानो, थिअरी आणि कानाची, म्हणजे ऐकून सूर ओळखायची, परीक्षाही असते, जर्मन भाषाही लागतेच, म्हणून एखादं वर्ष तयारीला दिलं तरी चालेल, घाईत नका पाठवू.