चार नोझल घे, आठ नको
लातूरला करडईचा घाणा टाकतोयस, चांगलंय. पण बाटल्या भरायचं मशीन एकदम आठ नोझलचं, म्हणजे तेल सोडणाऱ्या आठ तोट्यांचं, घेऊ नको लेका, तुझा एक घाणा तेल काढणार किती? चार बास झाले. तेलाला पिस्टनवालं बघ, ते दर वेळी ठरलेलं माप ओढून बाटलीत ढकलतं. ठरावीक सेकंद नोझल उघडून वरून आपोआप पडू देणारं ग्रॅव्हिटीवालं पाण्याला ठीक. पौषातल्या गारठ्यात तेल जाड झालं की त्याचं माप हलतं.

खरी मेख मापातच आहे. लिटरभर तेल म्हणजे किलो नव्हे, साधारण ९१० ते ९२० ग्रॅम. सकाळी चारही नोझलखालची एकेक बाटली काट्यावर ठेव, रिकामीचं वजन वजा कर. मी पहिल्या वर्षी एकच नोझल तपासायचो. तिसऱ्याच्या पिस्टनचं सील झिजलेलं, बाटलीमागं वीस ग्रॅम कमी जायचं. औशाच्या गिऱ्हाइकानं बाटली आणून काट्यावर ठेवली, मान खाली गेली.

नोझल तळापर्यंत जाऊन वर येत भरणारं असलं की फेस कमी. थेंब गळतो का ते मशीन घेतानाच बघ. पाण्यावर नाही, आपलं तेल कॅनमध्ये घेऊन जा. आणि ताजं तेल आधी निवळू दे. गाळ व्हॉल्व्हमध्ये बसला की अख्खी दुपार खोलाखोलीत जाते.