फिजिकल, मटेरियल, टँजिबल, कॉर्पोरियल: इंग्रजीतल्या या शब्दांत नेमका फरक काय?

चारही शब्द 'प्रत्यक्ष अस्तित्व' सांगतात, पण एकाच्या जागी दुसरा नेहमीच चालतो असं नाही.

फिजिकल सगळ्यांत मोकळा. जे मनात किंवा संगणकात नाही, ते फिजिकल. दलाल स्ट्रीटवर 'फिजिकल शेअर' म्हणतात तो कागदी सर्टिफिकेटला. १९९६ च्या डिपॉझिटरीज कायद्यानंतर ते कागद हळूहळू गेले आणि डीमॅट, म्हणजे शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद, आलं. डीमॅट म्हणजे डीमटेरियलाइज्ड, कारण मटेरियलचा रोख वस्तू कशाची बनली आहे, त्या द्रव्याकडे असतो. मात्र 'मटेरियल फॅक्ट' दिसलं तर सावध राहा. तिथे द्रव्याचा काही संबंध नाही, अर्थ 'निर्णयावर परिणाम करणारी, महत्त्वाची बाब'. करार वाचताना इथेच चूक होते आणि ती महागात पडू शकते.

टँजिबलचं मूळ लॅटिनमधल्या 'स्पर्श करणे' या क्रियापदात आहे. हिशेबात इमारत, यंत्रं, फर्निचर टँजिबल. पेटंट, ट्रेडमार्क इनटँजिबल. 'टँजिबल रिझल्ट' म्हणजे दाखवता येईल असा परिणाम, हा वापरही रुळलेला आहे. पॅल्पेबलही स्पर्शातूनच आला, पण आज तो बहुधा भावनेला किंवा वातावरणाला लागतो: निकालाआधीचा ताण पॅल्पेबल असतो, वांद्र्याचा फ्लॅट नाही.

कॉर्पोरियल म्हणजे देहधारी. आत्मा, देव यांच्या चर्चेत किंवा मालमत्तेच्या कायद्यात भेटतो. रोजच्या बोलण्यात तो जड वाटतो, मी तरी टाळेन.

मुलाखतीत किंवा ईमेलमध्ये अडलात, तर फिजिकल वापरा. तो सहसा खटकत नाही.