घरी राहून सोडणाऱ्या नव्या मित्राला

मित्रा, भरती न होता, घरी राहूनच दारू सोडायची ठरवलीस, फार बरं वाटलं. पण बंद करण्याआधी डॉक्टरांना भेट. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. नंतर भ्रम व्हायला लागला तर जिवावर बेततं. पूर्वी अशी फिट आली असेल तर हे घरी नकोच, तेवढे दिवस दवाखान्यात काढ.

खरी परीक्षा संध्याकाळची. दिवसा उपचार केंद्रात समुपदेशन होतं, तिथल्या गटात मन मोकळं होतं, आणि घरची वाट नेमकी त्याच गुत्त्यावरून जाते. मी वाट बदलली. पंधरा मिनिटं जास्त चालायचो, खिशात बसभाड्यापुरतेच पैसे, बाकी बायकोकडे. तलफ आली की घड्याळ बघायचो. बहुतेक वेळा अर्ध्या तासात ती ओसरते. तेवढ्यात गटातल्या कुणाला तरी फोन लाव. ‘आज अवघड जातंय’ एवढंच म्हण, समोरचा समजतो.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची 1935 साली सुरू झालेली संघटना. तिच्या बैठकांना फी नाही, आडनावही सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी गप्प बसलास तरी चालेल.

पाय घसरलाच तर दुसऱ्याच दिवशी ये, लाजेपायी आठवडा घालवू नकोस. गटात कुणी हेरॉइन सोडणारा असेल तर त्याला हे जरूर सांग: काही आठवडे बंद ठेवून पुन्हा जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. त्याच्या घरच्यांनाही हे माहीत असू दे.